मिनी कूपरवरचा शेवटचा हात

नागपूर,
१६ नोव्हेंबर

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मिनी कूपर मोटारीच्या छोट्या मॉडेलचे फोटो मिळाले. लाल अंग आणि पांढरे छप्पर यांच्यामधली रेषा तू इतकी स्वच्छ उतरवली आहेस की १९६४ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकणारी पॅडी हॉपकर्क यांची गाडी पाहताक्षणी ओळखू आली. आता उरले शेवटचे काम: लाखेचा हात, घासणे आणि बारीकसारीक सजावट. ते कसे करावे हे तू आवर्जून विचारलेस म्हणून सविस्तर लिहितो, कारण मॉडेल खेळणे दिसणार की मोटार, हे माझ्या मते इथेच ठरते.

खऱ्या मोटारीवरचा रंग सगळे थर मिळून साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. मॉडेल १:२४, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाचे; त्या हिशेबाने तो ०.००४ मिलिमीटर भरायला हवा, आणि इतका पातळ थर देणे आपल्या हातात नाही. म्हणून क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक लाखेचा थर, बेताचाच द्यावा आणि चकाकी लाखेच्या जाडीतून न काढता घासण्यातून काढावी. जाड लाखेने दारांच्या फटी बुजतात, आणि मग गाडी पाकात बुडवून काढल्यासारखी दिसते.

त्याआधी दारांवरचे ३७ आकड्याचे डिकल (पातळ छापील चिकटचित्र) लावून घे. खालचा पृष्ठभाग गुळगुळीत नसेल तर डिकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी डाग दिसतात. डिकल पूर्ण वाळल्यावर क्लिअरचे पहिले हात अगदी हलके, धुक्यासारखे मार. पहिलाच हात ओला बसला तर लाखेतला थिनर डिकलला सुरकुत्या पाडतो.

हवेकडेही लक्ष असू दे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की थिनर वाटेतच उडतो आणि रंग खरखरीत बसतो. त्यावर उपाय म्हणून कूलर लावावा, तर त्याच्या दमट हवेने लाखेवर पांढुरकी झाक येते. त्यामुळे लाखेचे काम मी दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी राखून ठेवतो. तुमच्या मुंबईत पावसाळ्यात तर लाखेला हातच लावू नये.

लाख पक्की वाळली की २००० आणि मग ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने, साबणाच्या पाण्यात, हलक्या हाताने घास आणि शेवटी मऊ सुती कापडाने कंपाउंड, म्हणजे चकाकीची पेस्ट, फिरव. मिनीच्या बाबतीत इथे विशेष जपायला हवे. मिनीचे रचनाकार ॲलेक इसिगोनिस यांनी या गाडीची बांधणी सोपी व्हावी म्हणून पत्र्यांचे जोड बाहेरच्या बाजूला ठेवले होते, आणि त्या उभ्या कडा मॉडेलवरही आहेत. घासताना रंग पहिल्यांदा तिथलाच निघतो. त्या कडांवर आणि दारांच्या बाहेरच्या बिजागऱ्यांवर मास्किंग टेपची बारीक पट्टी लाव, आणि कडेलगतचा भाग पेपरने न घासता नुसत्या कंपाउंडने उजळ.

फटींमध्ये काळा रंग सोडू नकोस. लाल अंगावर गडद तपकिरी आणि पांढऱ्या छपरालगत फिकट राखाडी पुरे. काळा रंग फक्त पुढच्या जाळीत शोभतो. तिथे पातळ केलेला काळा इनॅमल सोडला की क्रोमचा भडकपणा उतरतो आणि जाळीला खोली येते. क्रोमचे भाग चिकटवताना जोडाच्या जागेवरचा मुलामा खरवडून काढ, नाहीतर गोंद धरत नाही. दिव्यांच्या आणि खिडक्यांच्या काचांना सुपरग्लू मुळीच वापरू नकोस, कारण त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक धुरकट होते. वाळल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद तिथे उत्तम. टायरच्या मध्यभागी साच्याची रेघ राहते, ती पेपरने घासली की रबराचा खोटा तकाकाही जातो आणि गाडी रस्त्यावरून आल्यासारखी वाटते. या एवढ्याशा कामाचे मला फार अप्रूप आहे.

काचा बसवण्यापूर्वी बाहेरच्या जोडांचे जवळून काढलेले फोटो पाठव. कुठे लाल रंग विरळ झाला असेल, तर त्या वेळेपर्यंत ब्रशाने दुरुस्त करता येईल.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश