कुसरीचे नमुने वाचवणाऱ्या काका-मावशींना थँक्यू

सोलापूर स्टँडबाहेरचे पेपरवाले काका आणि तिथेच चहा पीत थांबलेल्या मावशी, दोघांचे मनापासून आभार. सह्याद्रीतून आणलेली कुसर, म्हणजे रानातली पांढऱ्या फुलांची जाई, ऑलिव्हच्याच कुळातली, हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) कागदांत दाबून ठेवलेली, आणि वळवाच्या पावसात गाडीचं छत गळून अख्खा गठ्ठा भिजला. ओले कागद लगेच बदलले नाहीत तर बुरशी धरते, नमुना गेलाच समजा. काकांनी जुने पेपर पुढ्यात टाकले, पैसे घेतलेच नाहीत, आणि मावशी एकेक फांदी अलगद उचलून कोरड्या कागदात ठेवत होत्या, पानं दुमडू न देता, ज्या फांदीची नंबरची चिठ्ठी त्या फांदीसोबतच. सांगितलंही नव्हतं हो कुणी! चिठ्ठी हरवली की कुठून, कधी तोडलं काहीच कळत नाही. सगळे नमुने शाबूत आहेत, आता शीटवर चढवतोय. काका, मावशी, चहा माझ्याकडे लागू.