पाटी पाठवतेय, बाबा

पुणे

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न.

खोक्यात आईच्या स्वेटरच्या घडीत एक काळी, पातळ वस्तू गुंडाळली आहे. ती फोन नाही. तिच्यावर फोन येत नाही की मेसेज येत नाही, फक्त पुस्तकं वाचता येतात. दुकानात तिला ई-रीडर म्हणतात, त्यातला हा किंडल. आपण पाटीच म्हणू. किंमत विचारू नका बाबा, बोनस मिळाला तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

दिवाळीतली ती दुपार अजून डोळ्यांपुढून जात नाही. आई ओसरीत सूप घेऊन डाळ निवडत होती. तुम्ही कडुनिंबाखाली बाजेवर होता, दुपट्टा डोक्यावरून पार पुढे ओढून. मला वाटलं, डोळा लागला असेल. जवळ आले तर दुपट्ट्याच्या आत फोन. उन्हात त्या काचेवर अक्षरं कमी आणि कडुनिंबाचा पालाच जास्त दिसत होता, म्हणून तुम्ही दुपट्ट्याची सावली करून, उजेड पार शेवटपर्यंत वाढवून वाचत होता. मला म्हणालात, "पाय माय, दोन पानं झाली का डोये पाण्यानं भरतात." तेवढ्यात फोन वाजला. कापसाच्या भावाचा मेसेज होता, त्यामागून कुणाचा तरी व्हिडिओ आला, मग वखरवाल्याचा फोन. पुस्तक राहिलं ते रात्रीपर्यंत राहिलं.

त्या संध्याकाळी आई चुलीजवळ हळूच म्हणाली, "पह्यले वाचून दाखवत होते मले. आता नुसतं बोट सरकवत बसतात." आई, तुझं ते वाक्य मी पुण्यापर्यंत सोबत घेऊन आले.

मला आठवतं, लाइट गेली की बाबा कंदिलाची वात वर करायचे आणि काल जिथं सोडलं तिथून पुढे वाचायला लागायचे. तू वाती वळत ऐकायचीस. मध्येच हात थांबला तर आम्हाला कळायचं, गोष्टीत काहीतरी वाईट झालंय. पुढे ट्रंकेतल्या पुस्तकांना उधई लागली, बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, आणि पुस्तकं फोनमध्ये आली. पण ऐकणारं माणूस फोनच्या बाहेरच राहिलं.

यात बाबांचं मन उडालं असं काही नाही, हे मी तुझ्यासाठीच लिहितेय. ऑपरेशननंतर बाबांनी फोनवरची अक्षरं मोठी केली. तेवढ्याशा काचेवर मग एका ओळीत चारच शब्द मावतात. तोंडानं वाक्य म्हणेपर्यंत बोट सरकवायची वेळ येते, आवाज तुटतो, आणि माणूस कंटाळून मनातल्या मनात वाचायला लागतो. मी स्वतः करून पाहिलं, जमत नाही. या पाटीचं पान सहा इंची आणि चांगलं रुंद आहे. अक्षर मोठं केलं तरी वाक्य बरंचसं एका दमात येतं. वजन १५८ ग्रॅम, म्हणजे बाजेवर आडवं पडून एका हातात धरली तरी मनगट भरून येत नाही.

बाबा, तुम्ही विचाराल की यात बत्ती कुठं जळते. तर पडद्याच्या आत अतिशय बारीक कुप्या असतात, त्यांत पांढरे आणि काळे कण. विजेच्या इशाऱ्यानं हवे ते कण वर येतात आणि अक्षर उमटतं. एकदा उमटलं की ते तसंच राहतं. वीज लागते ती मुख्यतः पान उलटताना, म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडे निघतात. लोडशेडिंग असलं तरी वाचन थांबत नाही, आणि फोनची बॅटरी फोनसाठी उरते. पडद्यामागून उजेड डोळ्यांत येत नाही. हे कागदासारखं बाहेरच्या उजेडात वाचायचं, त्यामुळे उन्हात उलट जास्त स्पष्ट दिसतं. दुपट्टा खांद्यावरच राहू द्या. रात्रीसाठी कडेला बारीक दिवे आहेत, ते उजेड पानावर टाकतात. मधूनच पान उलटताना सगळं क्षणभर काळं होऊन परत येईल, घाबरू नका, ते बिघडलेलं नाही.

यानं डोळे सुधारतील असं मी म्हणणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका.

एक गोष्ट मात्र याच्यात धड होत नाही. मित्रांनी पाठवलेल्या त्या जुन्या पीडीएफ आहेत ना, ते पुस्तकांच्या पानांचे फोटो आहेत. फोटोतलं अक्षर मोठं करायचं तर अख्खं पानच मोठं करावं लागतं आणि मग इकडून तिकडे ओढत बसावं लागतं. त्या फोनवरच राहू द्या. पाटीसाठी ईपबवाली, म्हणजे फोटो नव्हे तर खरी अक्षरं असलेली पुस्तकं हवीत. त्यांत अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्यानं जुळतात. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून विकत मिळायला लागली, आणि मराठी विकिस्रोत म्हणून इंटरनेटवर एक मोफत ग्रंथालय आहे, तिथून जुनी पुस्तकं फुकट उतरवता येतात. आपल्याकडे लेखक जाऊन साठ वर्षं झाली की पुढच्या जानेवारीपासून त्याची पुस्तकं सगळ्यांसाठी मोकळी होतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे त्यांचं लेखन २०११ पासून मोकळं आहे. मी त्यांचं थोडं आणि तुकोबांचे अभंग भरून ठेवले आहेत. पुढची पुस्तकं मी इथूनच पाठवीन. तुम्ही फक्त फोनचा हॉटस्पॉट चालू करून पाटीचं वायफाय जोडायचं, नाही जमलं तर शेजारच्या पोट्ट्याला हाक मारा.

आणि उन्हाळ्यात जपा. ही वस्तू ३५ अंशांपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. भर दुपारी बाहेर बाजेवर विसरू नका, गाडीच्या डिकीत ठेवू नका. घरात माठाजवळच्या कोनाड्यात ठेवा, पण पाणी लागू देऊ नका.

आई, फोनमधला आवाज पुस्तक वाचून दाखवतो, ते मी तुला लावून दिलं होतं. तू दहा मिनिटं ऐकलंस आणि म्हणालीस, "हा मानूस दमच नाही घेत." तुला बाबांच्या आवाजाची सवय आहे. ते कुठं थांबतात, कुठं घसा साफ करतात, तेही तुला पाठ आहे.

बाबा, रात्री जेवणं झाली की ओसरीत बसा, अक्षर आपल्याला हवं तेवढं मोठं करा आणि मोठ्यानं वाचा. आईनं वाती घेऊन समोर बसावं. रविवारी मी फोन करीन तेव्हा कुठपर्यंत आलात ते आईनंच मला सांगायचं.

तुमची,
लेक