माझी मूत्राशयाची तपासणी करणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी कंठ दाटून आल्यामुळे आपले आभार मानायचे राहून गेले, ते या पत्राने मानत आहे.

युरोडायनॅमिक, म्हणजे मूत्राशय कसे भरते आणि कसे रिकामे होते ते पाहणारी तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी मान वर न करता ‘थोडे सहन करावे लागेल’ एवढेच सांगितले होते, आणि किती, कुठे, किती वेळ असे विचारल्यावर ‘बाळंतपण झाले आहे ना तुमचे?’ असा उलट प्रश्न केला होता. लघवीच्या जागी नळी घालणार आणि मूत्राशय फुटेस्तोवर पाणी भरणार, एवढेच मनात घेऊन मी आपल्यासमोर आले. प्रश्नाचे उत्तर न देता रुग्णाला भीतीच्या हवाली करणे ही इजाच आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

पंप सुरू होताच आपण म्हणालात, ‘ताई, एकदा ‘थांबा’ म्हणून बघा.’ मला काही कळेना, तरी मी तसे पुटपुटले, आणि आपण तत्क्षणी बटण दाबून पाणी बंद केलेत. ‘केव्हाही म्हणा, असेच थांबेल,’ असे सांगून माझा होकार मिळाल्यावरच आपण पंप पुन्हा सुरू केलात. त्यानंतर तो शब्द उच्चारण्याची मला गरजच पडली नाही, कारण तो पाळला जाईल याची खात्री पटली होती.

नळी जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची होती. ती सरकताना क्षणभर चुरचुरले, आणि पाणी भरत गेले तसा लघवीचा ताण वाढला, पण ज्याला मी वेदना म्हणून धास्तावले होते तसे काही झाले नाही. खरे सांगायचे तर लाज त्याहून जड होती. खोकायला सांगितल्यावर गळती झाली, तेव्हा ‘हेच तर आम्हाला बघायचे होते’ असे म्हणून आपण चादर सारखी केलीत. नंतर लघवीला होणारी जळजळ दुसऱ्या दिवशी थांबली.

मूत्राशय आधीपासूनच दुखत असलेल्या स्त्रीला यापेक्षा अधिक त्रास होऊ शकतो, आणि तिला तो आधीच सांगितला पाहिजे. सभ्यपणाला ना यंत्र लागते ना वाढीव वेळ. आपण ज्या सहजतेने तो दाखवलात, तो तपासणी लिहून देणाऱ्यांनीही दाखवावा, म्हणून हे पत्र आपण आपल्या विभागप्रमुखांना अवश्य वाचायला द्यावे, अशी विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण