वीज संघाच्या अध्यक्षांनी फीडरचा हिशेब सभेत वाचावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी ग्रामीण विद्युत सहकारी संघाची निवडणूक झाली, तेव्हा तालुक्यात विधानसभेला नसते एवढी धामधूम होती. मंत्री, माजी खासदार, सगळे गावोगाव हिंडले. कुठलं पॅनेल, कोण कुणाच्या गटात, हे चहाच्या गाड्यावरच्या पोरालाही पाठ होतं. पण संघ किती युनिट वीज विकत घेतो आणि त्यातली किती बिलात चढते, हे एकाही भाषणात माझ्या कानावर आलं नाही. मतदारांनी विचारलंही नाही म्हणा.

मी उभी हयात लाईनवर काढली. सरकारी कंपनीत की सहकारी संस्थेत ते सांगत नाही, कारण माझं भांडण कुणाशी नाही. खांबावरून जे दिसतं ते खुर्चीवरून दिसत नाही, म्हणून लिहितो आहे.

आपल्या घटप्रभेवर, गोकाकच्या धबधब्यापाशी, 1887 साली वीज तयार झाली. ती सूतगिरणीसाठी. आसपासच्या खेड्यांत त्यानंतर कित्येक दशकं कंदीलच. देशात 1969 साली ग्रामीण विद्युतीकरण निगम निघाला आणि त्याच्या पैशावर, अमेरिकेतल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या सल्ल्यानं, पाच ठिकाणी प्रयोग झाला: महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, आंध्रात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ आणि आपलं हुक्केरी. अप्पणगौडा पाटलांसारखी सहकारातली माणसं मागं उभी होती म्हणून हा मान या तालुक्याला मिळाला. आज कर्नाटकात वीज वाटणारा असा संघ हा एकच. तेलंगणात गेलेलं सिरसिल्ला अजून चालू आहे. श्रीरामपूरकडची मुळा-प्रवरा मात्र थकबाकीच्या वादात रुतत गेली आणि 2011 मध्ये तिथलं वितरण महावितरणकडं गेलं. आपल्यापासून काही तासांच्या रस्त्यावर घडलेली ही गोष्ट आपल्या पुढाऱ्यांना माहीत नसेल असं नाही.

आता संघाच्या अध्यक्षाच्या हातात असतं तरी काय? वीज संघ स्वतः तयार करत नाही, घाऊक विकत घेतो. बिलाचा दर बेंगळूरचा वीज नियामक आयोग ठरवतो. दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपाला वीज मोफत, त्याचे पैसे राज्य सरकार भरतं आणि सरकारच्या सवडीनं भरतं. खरेदीचं बिल मात्र थांबत नाही. म्हणजे दर वाढवायचा हक्क नाही, कमी करायचा नाही, पैसा कधी येणार ते दुसऱ्याच्या हातात. उरली तीन कामं: गळती, वसुली आणि माणसं. यावरून अध्यक्ष जोखायचा. कार्यालयाला रंग कुठला दिला यावरून नव्हे.

गळतीचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. सबस्टेशनमधून अकरा केव्हीचा फीडर, म्हणजे गावांकडं वीज नेणारी मोठी लाईन निघते, तिथं मीटर असतो. घराला मीटर, दुकानाला मीटर, गिरणीला मीटर. बहुतेक शेतीपंपांना नाही. मग फीडरवर गेलेल्या विजेतून मीटरवाल्यांची युनिटं वजा केली की जे उरतं, त्यातलं पंपांनी किती ओढलं आणि वाटेत किती गेलं, हे अंदाजानं ठरतं. या अंदाजात वाटेल ते मावतं. रात्री तारेवर टाकलेला चोरीचा आकडा, वीस वर्षांपूर्वीची बारकी तार, टीसीवरचा, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरवरचा, सैल जोड जो अंधारात लाल दिसतो, लग्नाच्या मांडवाची माळ, सगळं पंपाच्या नावावर खपून जातं. वर सरकार म्हणतं, शेतकरी फार वीज वापरतात. शेतकरी बिचारा सात तासांच्या थ्री फेजची वाट बघत रात्री दोनला बांधावर बसलेला असतो.

आणि वीज आली तरी ती कशी येते? मोटर चालवायला चारशेच्या वर व्होल्टेज लागतं. टीसीजवळच्या चार-पाच विहिरींना ते मिळतं. लाईनच्या टोकाला, ओढ्यापलीकडं, तेच तीनशेच्या आसपास उतरतं. मोटर सुरू होते, घुरघुरते, पाणी वर चढत नाही. व्होल्टेज कमी पडलं की ती करंट जास्त ओढते, वाइंडिंग तापतं आणि वार्निश जळाल्याचा तो गोडसर वास येतो. ज्याला एकदा आला तो विसरत नाही. मग मोटर मोटरसायकलला बांधून रिवाइंडिंगच्या दुकानात. मोफत विजेची किंमत तिथं कळते. याला उपाय कुणाला ठाऊक नाही अशातला भाग नाही. लांबच्या लाईनच्या मधोमध आणखी एक लहान टीसी बसवायची, म्हणजे टोक जवळ येतं. फक्त कुठल्या टोकाला आधी, हे मतांवर ठरतं की मीटरवर, एवढाच प्रश्न. अध्यक्षांनी उन्हाळ्यात उसाच्या पाण्याची पाळी चालू असताना एका रात्री डोंगराकडच्या शेवटच्या टीसीखाली जाऊन टेस्टर लावून बघावा. फोटोवाला नको, लाईनमन बरोबर असावा.

माणसांचंही लिहितो. एका पावसाळ्यात आम्ही लाईन क्लिअर, म्हणजे लाईन बंद असल्याची परवानगी, घेऊन तुटलेली तार ओढत होतो. सबस्टेशनातून लाईन बंद, कागदावर बंद, फोनवरही बंद. चढण्याआधी सवयीनं अर्थिंगचा रॉड तारेला टेकवला आणि ठिणगी पडली. खालच्या वस्तीतल्या एका मंगल कार्यालयाचा जनरेटर चेंजओव्हर स्विच (जनरेटर आणि लाईन वेगळे ठेवणारा) न बसवता थेट जोडलेला होता, ती वीज टीसीतून उलटी वर चढली होती. माझ्याबरोबरचा पोरगा तेव्हा पट्टा कसून पहिल्या पायरीवर पाय ठेवून होता. अर्थिंग रॉड, रबरी हातमोजे, पट्टा, हेल्मेट ही यादी खरेदीच्या बैठकीत सगळ्यात शेवटी येते आणि पैसे कमी पडले की सगळ्यात आधी कापली जाते. कंत्राटावरच्या पोरांच्या वाट्याला तर जुनेच हातमोजे. हे मी कुणा एका संस्थेचं सांगत नाही, जिथं जिथं खांब आहे तिथलं सांगतो.

आता मागणी. दरवर्षीच्या सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनी एक तक्ता स्वतः उभं राहून वाचावा. फीडरचं नाव, आत आलेली युनिटं, बिलात चढलेली युनिटं, जळालेल्या टीसी किती आणि प्रत्येक किती दिवसांनी बदलली. अपघात झाला असेल तर तोही. शक्य होईल तसा प्रत्येक टीसीला मीटर बसवावा, म्हणजे पंपाचा अंदाज हा अंदाज राहणार नाही. तोच तक्ता ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा, कानडीत आणि सीमेकडच्या गावांत मराठीतही. यात भाषेचं राजकारण कुणी शोधू नये. माझ्या शेजारच्या म्हातारीला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही, आणि सभासद तीही आहे.

हे सोपं नाही, मला ठाऊक आहे. तक्ता वाचला की कुठल्या गावात चोरीचे आकडे जास्त ते दिसणार, आणि त्या गावात कुणाचा तरी कार्यकर्ता राहणार. माझ्या मते तक्ता आजवर वाचला न जाण्याचं खरं कारण तेच असावं, तांत्रिक अडचण वगैरे काही नाही. पण सहकारी संघ आणि सरकारी कंपनी यांत फरक तो काय? कंपनीचा अधिकारी सभासदासमोर उभा राहत नाही, संघाचा अध्यक्ष राहतो. ते उभं राहणं नुसतं हार घालून घेण्यापुरतं असेल, तर त्यापेक्षा कंपनी काय वाईट?

येत्या सभेच्या नोटिशीत हा विषय घ्यावा अशी संचालक मंडळाला विनंती, आणि सभासदांनी तसं लेखी मागावं. नमुन्याचा तक्ता मी हातानं आखून ठेवला आहे, मागेल त्याला देईन. अहवालाच्या मागच्या पानांवर शुभेच्छांच्या जाहिराती असतात, त्यातलं अर्धं पान पुरे.

आपला,
एक निवृत्त लाईनमन
संकेश्वर परिसर, ता. हुक्केरी