तालमीत यंत्रे आणण्यापूर्वी

बर्लिन

ती. अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तालमीत यंत्रे आणायची की हौदाची माती बदलून तालीम पूर्वीसारखीच चालवायची, यावर मंडळात चर्चा सुरू असल्याचे आईकडून समजले. इकडे लोक व्यायाम कसा करतात ते कळवण्याचा तुमचा निरोपही तिने दिला.

येथील जिममध्ये यंत्रांना तोटा नाही. यंत्रावर बसण्यापूर्वी स्वतःचा टॉवेल अंथरावा लागतो आणि हा नियम सर्वजण बिनतक्रार पाळतात, ही शिस्त आपण जरूर उचलावी. परंतु माणसे कानात इअरफोन घालून येतात आणि शेजाऱ्याशी एक शब्दही न बोलता निघून जातात. वास्तविक याच शहरातील हाजेनहायडे येथे फ्रीडरिश लुडविग यान यांनी 1811 मध्ये उघड्या मैदानावर सिंगलबार, डबलबार उभारून तरुणांना एकत्र आणले होते. त्या चळवळीतून निघालेली सभासदांची व्यायाम मंडळे जर्मनीत आजही चालतात, त्यांची कार्यकारिणी सभासदच निवडतात, आणि मला जिमपेक्षा ही मंडळे आपल्या तालमीच्या अधिक जवळची वाटतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली, तीही याच बर्लिनमध्ये.

जपानमध्ये तर साधनेही लागत नाहीत. तेथे 1928 पासून रेडिओवर कवायत सुरू झाली. युद्धानंतर ती काही काळ बंद होती, पण 1951 मध्ये नव्या रूपात परत आली. सकाळी साडेसहाला पियानोचे सूर लागले की टोकियोच्या उएनो बागेत जमलेली वृद्ध मंडळी एकदम हात वर घेतात आणि दहा मिनिटांत सर्व उरकून घरी जातात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना हजेरीचे कार्ड मिळते व त्यावर रोज शिक्का उमटतो.

पण अण्णा, तुम्ही स्वतः पाहावे असे ठिकाण म्हणजे इराणमधील यज्द शहराचा जोरखाना, म्हणजे तेथील पारंपरिक तालीम. जुन्या पाण्याच्या टाकीत तो भरतो. मधोमध जमिनीपेक्षा खोल असा अष्टकोनी आखाडा असून त्यात उतरताना प्रत्येक जण वाकून जमिनीला हात लावतो, आपले पैलवान हौदाची माती कपाळी लावतात तसाच. उंच बैठकीवरून मुर्शिद, म्हणजे तेथील वस्ताद, ढोल वाजवतो, फारसी कविता गातो, आणि त्या ठेक्यावर सर्वजण लाकडी फळीवर हात टेकवून जोर काढतात. त्यानंतर खांद्यावरून फिरणारे जड मील पाहताना मला आपल्या मुद्गलांचीच आठवण झाली. पोट सुटलेला प्रौढ आणि मिसरूडही न फुटलेला मुलगा एकाच वर्तुळात घुमत होते, आणि मुलाचा ठेका चुकला की शेजारचा माणूस डोळ्यांनीच त्याला सावरून घेत होता. युनेस्कोने 2010 मध्ये या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, ते योग्यच झाले. मात्र आखाड्यात स्त्रियांना प्रवेश नव्हता. मला वर बसून केवळ पाहता आले, आणि याचे मला मनापासून वाईट वाटले.

म्हणून माझे मत स्पष्ट लिहिते. हौद बुजवू नये. यंत्रे आणायचीच असतील तर ती मागच्या खोलीत मोजकीच ठेवावीत, कारण नेमक्या वेळी एकमेकांची वाट पाहणारी माणसे असतील तरच लोक रोज येतात, आणि यंत्र कोणाची वाट पाहत नाही. त्याहून निकडीची गोष्ट म्हणजे सकाळची एक वेळ मुलींसाठी व बायकांसाठी राखावी आणि दुसरी वस्तीतल्या वृद्धांसाठी, रेडिओ किंवा स्पीकर लावून. वस्ताद आक्षेप घेतील, पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुली आज कुस्तीत उतरत असताना आपल्या तालमीचे दार त्यांना बंद असावे, हे मला पटत नाही.

बैठकीपूर्वी मागच्या खोलीची लांबी-रुंदी आणि छताची उंची कळवावी, म्हणजे येथील एका मंडळाने लहान जागेत साधने कशी मांडली आहेत त्याचा आराखडा काढून पाठवते. ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
धाकटी