‘ज्ञात बोजा : नाही’

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आतल्या पानांवर बँकांच्या लिलावाच्या जाहीर नोटिसा नेहमी प्रसिद्ध होतात. पूर्वी त्या फारसे कोणी वाचत नसे. अलीकडे मात्र ‘बाजारभावाच्या निम्म्या किमतीत घर’ असे सांगणाऱ्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागल्यापासून अनेक नोकरदार कुटुंबे या नोटिसांची कात्रणे जपून ठेवू लागली आहेत. मी बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीपूर्वीची काही वर्षे वसुली विभागात काढली. अशा कित्येक नोटिसांचे मसुदे माझ्या हातून गेले आहेत. त्यामुळे या विषयावर दोन गोष्टी अधिकाराने, आणि एक गोष्ट खंत म्हणून, मांडाव्यात असे वाटते.

लिलावात वस्तू स्वस्त मिळते हे खोटे नाही. कर्ज थकल्यावर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली (थकलेल्या कर्जापोटी तारण विकण्याचा अधिकार बँकांना देणारा कायदा) बँक कर्जदाराला 60 दिवसांची नोटीस देते, मग तारण मालमत्तेचा ताबा घेते, मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन करून घेते आणि राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बोली घेतली जात नाही ती रक्कम, ठरवून विक्री जाहीर करते. बँकेला घर सांभाळायचे नसते, तिला तिचे पैसे हवे असतात. पहिल्या फेरीत बोली आली नाही तर पुढच्या फेरीत राखीव किंमत बहुधा खाली येते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत थांबण्याचा धीर ज्याच्यापाशी आहे त्याला खरोखरच चांगला सौदा साधता येतो. परंतु किंमत जेवढी उतरलेली असते, त्यातला मोठा भाग हा कोणीतरी न केलेल्या चौकशीचा आणि न मिटवलेल्या भानगडींचा मोबदला असतो. तो हिशेब खरेदीदाराने आधी मांडला तर सौदा फायद्याचा ठरतो, नंतर मांडला तर डोक्याला हात लावायची वेळ येते.

माझ्या भाच्याचेच उदाहरण देतो. त्याने एका बँकेच्या ई-लिलावात सदनिकेसाठी बोली लावली आणि ती सर्वोच्च ठरली. आनंदाच्या भरात त्याने मला फोन केला तेव्हा बयाणा भरून झाला होता आणि उरलेल्या रकमेची जुळवाजुळव चालू होती. नोटिशीत ‘ज्ञात बोजा’, म्हणजे मालमत्तेवरची बँकेला माहीत असलेली देणी, या रकान्यात ‘नाही’ असे स्वच्छ छापलेले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे ती इमारत पाहायला गेलो. दारावर बँकेची ताबा नोटीस खळीने चिकटवलेली होती, तिचे कोपरे फाटून लोंबत होते, आणि दाराआड कोणीतरी राहत असल्याच्या खुणा स्पष्ट होत्या, कारण उंबऱ्यापाशी लहान मुलाच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या. तळमजल्यावर सोसायटीच्या फलकावर थकबाकीदारांची टंकलिखित यादी होती. तिच्यात पहिलाच क्रमांक त्या सदनिकेचा होता आणि पुढे 6 वर्षांची देखभाल खर्चाची बाकी लाल शाईने लिहिलेली होती. सचिवांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या आणि म्हणाले, “साहेब, बँकेने आम्हाला एकदा पत्र पाठवून विचारले असते तर आम्ही आकडा लिहून दिला असता.” ती बाकी शेवटी भाच्यानेच भरली, कारण ती भरल्याशिवाय सोसायटी सभासदत्व द्यायला तयार नव्हती. घराचा प्रत्यक्ष ताबा मिळायला त्यापुढे 9 महिने गेले.

माझी खंत त्या ‘ज्ञात’ या एका शब्दाविषयी आहे. नियमांनुसार बँकेने नोटिशीत तिला ज्ञात असलेले बोजे नमूद करायचे असतात. ज्याची चौकशीच केली नाही ते ज्ञात होत नाही, आणि जे ज्ञात नाही ते लिहावे लागत नाही. मीही माझ्या नोकरीत कित्येकदा त्या रकान्यात ‘नाही’ असे लिहून कागद पुढे सरकवला आहे. त्या वेळी ते नियमाला धरून होते, पण त्या शब्दावर विसंबून कोणीतरी आयुष्याची पुंजी लावणार आहे हा विचार आमच्यापैकी कोणाच्याच मनात फारसा येत नसे. शिवाय तळाशी ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे, जे काही आहे तेथे आहे या तत्त्वावर’ हे वाक्य असतेच. हे पद्यासारखे वाटणारे वाक्य पुष्कळ जण नुसते वाचून पुढे जातात. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की नंतर काही निघाले तर ते निस्तरण्याची जबाबदारी खरेदीदाराची.

न्यायालयेही या वाक्याला गंभीरपणे घेतात. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ राज्य विद्युत मंडळाशी संबंधित के. सी. निनान प्रकरणात असा निर्वाळा दिला, की लागू नियमांत तशी तरतूद असेल तर लिलावात जागा घेणाऱ्याला वीजजोडणी देताना जुन्या मालकाची थकबाकी भरण्याची अट घालता येते. म्हणजे बंद पडलेला कारखाना किंवा गाळा स्वस्तात घेणाऱ्याने मीटरपाशी जाऊन ग्राहक क्रमांक टिपून घेणे आणि वीज कंपनीकडून बाकीचा आकडा लेखी मिळवणे हे बोली लावण्याआधीचे काम आहे. मालमत्ता कराचेही तसेच.

पैशांच्या मुदतीबाबत तर लोक फारच गाफील असतात. बोली मंजूर झाली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी बयाण्यासह एकूण 25 टक्के रक्कम भरावी लागते, आणि उरलेली 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून 15 दिवसांत. बँकेने लेखी मुदतवाढ दिली तरी ती 3 महिन्यांपलीकडे जात नाही. ‘आधी बोली लावू, मग गृहकर्ज बघू’ हे गणित येथे चालत नाही, कारण ताबा वादात असलेल्या घरावर कर्ज द्यायला दुसरी बँक सहजासहजी तयार होत नाही. मुदत चुकली की भरलेले पैसे जप्त होतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या एका प्रकरणात अशी संपूर्ण 25 टक्के रकमेची जप्ती कायम ठेवली. त्यामुळे कर्ज काढून खरेदी करायची असेल तर ज्या बँकेकडून कर्ज घ्यायचे तिला नोटीस आणि कागदपत्रे आधी दाखवून तिचे मत घ्यावे, आणि आपली कमाल बोली घरी शांतपणे बसून कागदावर लिहून ठेवावी. ई-लिलावात शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ पुन्हा काही मिनिटांनी वाढते आणि पडद्यावरचा आकडा बघता बघता माणूस आपली मर्यादा ओलांडतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ताब्याचा. सांकेतिक ताबा म्हणजे कागदावरचा ताबा, आत माणसे राहत असतात. प्रत्यक्ष ताबा म्हणजे कुलूप बँकेचे. सांकेतिक ताब्यातील घराचा प्रत्यक्ष ताबा मिळवण्यासाठी बँकेला सरफेसी कायद्याच्या कलम 14 खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. कायद्यात त्यासाठी 30 दिवसांची, आणि कारणे नोंदवून एकूण 60 दिवसांपर्यंतची मुदत असली तरी प्रत्यक्षात लागणारा काळ बहुधा त्याहून बराच अधिक असतो. कर्जदार कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो, तो त्याचा हक्कच आहे. नोटिशीत ताब्याचा प्रकार लिहिलेला असतो, पण तो एका लांबलचक वाक्याच्या पोटात आणि बारीक अक्षरांत, तर राखीव किंमत मात्र ठळक.

दिवाळखोरीतल्या कंपन्यांचे लिलाव निराळे. तेथे 2016 च्या दिवाळखोरी संहितेखाली नेमलेला परिसमापक, म्हणजे कंपनी गुंडाळण्याचे काम पाहणारी व्यक्ती, मालमत्ता विकतो. उरलेले पैसे मागणीनंतर 90 दिवसांत भरता येतात, मात्र 30 दिवसांनंतर 12 टक्के व्याज लागते. यंत्रसामग्री, फर्निचर, शिल्लक माल यांत छोट्या उद्योजकाला खरोखर हात देणारे सौदे येथे मिळतात, पण यंत्र पायातून उकलून वाहून नेण्याचा खर्च धरूनच बोली लावावी. सरकारी भंगार आणि जुन्या साहित्याचे लिलाव एमएसटीसीसारख्या सरकारी कंपनीमार्फत होतात आणि त्यात मुरलेले व्यापारी असतात. जुनी सरकारी जीप स्वस्तात घेऊन वापरण्याचे दिवस मात्र गेले, कारण 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही आणि ती मोडीतच काढायची असतात.

या साऱ्यात ज्याचे घर गेले त्याचाही विचार व्हायला हवा. कर्ज आणि खर्च भागून उरलेली रक्कम कायद्याने त्याला परत मिळायची असते, आणि घर पडत्या भावाने गेले तर उरलेल्या कर्जाचे ओझे त्याच्याच डोक्यावर राहते. ज्या नोटिशीवर लोकांचा विश्वास बसतो त्या नोटिशीला अधिक बोली येतात. म्हणून नोटीस स्वच्छ असण्यात विकणारा, घेणारा आणि गमावणारा या तिघांचेही हित आहे.

म्हणून माझी विनंती रिझर्व्ह बँकेला आणि केंद्रीय अर्थ मंत्रालयाला आहे. स्थावर मालमत्तेच्या लिलावाची नोटीस दोन प्रमुख वृत्तपत्रांत, त्यातली एक प्रादेशिक भाषेत, देण्याचा नियम आहेच. त्याला एवढीच जोड द्यावी, की नोटीस काढण्यापूर्वी बँकेने गृहनिर्माण संस्था, वीज कंपनी आणि स्थानिक संस्थेला लेखी पत्र पाठवून थकबाकी विचारावी, आलेले उत्तर ‘ज्ञात बोजा’ रकान्यात आकड्यासह छापावे, उत्तर न आल्यास ‘विचारणा केली, उत्तर नाही’ असे छापावे, आणि ताबा सांकेतिक की प्रत्यक्ष हे राखीव किमतीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत असावे. तीन पत्रांचा टपालखर्च बँकेला जड नाही. हा नियम होईपर्यंत वाचकांनी ती तीन पत्रे बयाणा भरण्यापूर्वी स्वतः पाठवावीत आणि पोच जपून ठेवावी.

आपला विश्वासू,
वसुली विभागातील एक निवृत्त बँक कर्मचारी