वरच्या खोल्या

पुणे, जून

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आई, गुडघ्याला शेक घेतेस ना, की मी होते तेवढ्यापुरताच घेतलास? बाबा, रक्तदाबाच्या गोळ्या संपायच्या आधी आणून ठेवा, संपल्यावर नको.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. फोनवर हे बोलणं होत नाही. बाबांचा आवाज चढला की मी गप्प बसते, आई लगेच स्वयंपाकाचा विषय काढते आणि बोलायचं राहून जातं. गेले तीन आठवडे हे मनात घेऊन फिरते आहे.

मे महिन्यात मी घरी होते तेव्हाची ती दुपार आठवा. खलाशी लाईनच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, उन्हाने गेटला हात लावता येत नव्हता. एक तरुण बाई कडेवर लेकरू घेऊन आली. नवरा पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, दोन खोल्या हव्यात, म्हणाली. बाबांनी नाव विचारलं. मुसलमानाचं नाव ऐकलं आणि म्हणाले, "खोल्या कालच गेल्या." तिच्या डोक्याशीच पाटी लटकत होती, 'खोल्या भाड्याने देणे आहे', बाबांनी स्वतः रंगवून तारेने बांधलेली. तिने पाटीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि काहीच म्हणाली नाही. प्यायला पाणी तेवढं मागितलं.

मी माठातलं पाणी आणून दिलं. आधी लेकराला पाजलं, मग दोन घोट स्वतः घेतले. तळाशी उरलेल्या पाण्यात ओढणीचं टोक भिजवलं आणि लेकराचं तोंड पुसलं. जाताना मला म्हणाली, "दीदी, कोई खाली करे तो बता देना," आणि नंबर दिला. तो मी लिहून घेतला. पण बाबा खोटं बोलले तेव्हा मी शेजारीच उभी होते आणि तोंड उघडलं नाही. त्याचं ओझं मला आहे, म्हणून हे पत्र फक्त तुमच्यावर बोट दाखवायला लिहिलेलं नाही.

रात्री बाबा म्हणाले, "काहून कटकट पाहिजे घरात? त्या लोकांचं काही सांगता येत नाही." आणि मोबाईलवरचा तो व्हिडिओ दाखवला. बाबा, मी तो शोधून पाहिला. तो नागपूरचा नाही, आपल्या देशातलाही नाही. खाली कुणीतरी नागपूरचं नाव चिकटवलं आहे. तुम्ही तो मंडळीच्या ग्रुपवर टाकलात आणि खाली 'प्रार्थना करा' असं लिहिलंत. मी सात वर्षांची असताना दहा आज्ञा तुम्हीच पाठ करून घेतल्या होत्या. "तू आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको." अडखळले की पहिल्यापासून म्हणायला लावायचात. ही आज्ञा मोबाईलवरच्या साक्षीलाही लागू आहे असं मला मनापासून वाटतं. आणि ज्याच्याविषयी साक्ष द्यायची तो शेजारी आपल्या देवळात येणाराच असावा, असं बायबलच्या निर्गम पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही.

तुमची भीती मी उडवून लावत नाही. २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर एकवीस ख्रिस्ती मजुरांचे गळे चिरले. २०१९ च्या ईस्टरला श्रीलंकेतल्या चर्चमध्ये उपासना चालू असताना बॉम्ब फुटले. त्या रविवारी तुम्ही रडलात, मीही रडले. ईशनिंदेच्या आरोपावरून फाशी सुनावलेल्या पाकिस्तानातल्या ख्रिस्ती आसिया बीबीसाठी आईने किती वर्षं प्रार्थना केली! पण आई, तिच्या बाजूने बोलला म्हणून २०११ च्या जानेवारीत ज्याला गोळ्या घातल्या, तो पंजाबचा गव्हर्नर सलमान तासीर मुसलमान होता. २०१८ मध्ये तिची फाशी रद्द करून तिला निर्दोष सोडणारे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीशही मुसलमानच. तुझ्या प्रार्थनेचं उत्तर ज्यांच्या हातून आलं, त्यांना प्रार्थनेतून वगळू नकोस.

बाबा, आजोबांची माती आठवते? जरीपटक्याच्या कब्रस्तानात गड्डीगोदामचे शिंपी चाचा आले होते. आजोबांचे कोट आयुष्यभर त्यांनीच शिवले. पाळकांनी "मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ" म्हणत तीनदा माती टाकली. मग सगळ्यांनी एकेक मूठ टाकली. चाचांनी मात्र तीन मुठी टाकल्या, अगदी सावकाश, आणि दर मुठीला ओठांत काही पुटपुटले. परतताना तुम्हीच त्यांना विचारलंत. ते म्हणाले, आमच्यात तीन मुठी देतात. पहिलीला म्हणायचं, या मातीतूनच आम्ही तुम्हाला घडवलं. दुसरीला, तिच्यातच परत नेऊ. तिसरीला, तिच्यातूनच पुन्हा एकदा उठवू. कुराणातलं वचन आहे ते. तुम्ही रस्त्यात थांबलात आणि म्हणालात, "चाचा, तिसरी मूठ तर आमचीच आहे." चाचा म्हणाले, "मिट्टी तो एकही है, बेटा." मी चौदा वर्षांची होते. पुनरुत्थानावरची बरीच प्रवचनं ऐकली त्यानंतर. डोळ्यांसमोर येते ती चाचांची तिसरी मूठ.

याचा अर्थ दोन्हींत फरक नाही असं मी म्हणत नाही. फरक मोठा आहे. कुराणात मरियमेच्या नावाचा अख्खा अध्याय आहे, ईसा कुमारीच्या पोटी जन्मला हे ते मानतात. पण तो देवाचा पुत्र हे ते मानत नाहीत, आणि वधस्तंभावर तो मेला हेही नाही. आपला तर सगळा विश्वास त्या वधस्तंभापाशी उभा आहे. ते मी कुणासाठीही पातळ करणार नाही, आणि चाचांनीही त्यांचं केलं नसतं. येशू विहिरीपाशी शोमरोनी बाईशी बोलला तेव्हा त्यानेही मतभेद लपवला नाही, तारण यहूद्यांतून आहे असं तिला तोंडावर सांगितलं. पण त्याआधी तिच्याकडे पाणी मागितलं. यहूदी आणि शोमरोनी एकमेकांच्या भांड्याला शिवत नसत, तेव्हाची गोष्ट.

आणि लूकच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढून बघा. शोमरोन्यांच्या एका गावाने येशूला उतरायला जागा दिली नाही. याकोब आणि योहान म्हणाले, प्रभू, आकाशातून अग्नी पाडून यांना जाळू का? तो त्यांच्यावर रागावला आणि दुसऱ्या गावी गेला. लगेच पुढच्या, दहाव्या अध्यायात शेजारी कोण हे सांगायची वेळ आली, तर त्याने गोष्टीत शोमरोनीच घेतला, जखमांना तेल-द्राक्षारस लावणारा आणि उतारशाळेत स्वतःच्या खिशातले दोन दीनार देणारा. ज्यांनी दार लावून घेतलं त्यांच्यातलाच एक. हे दोन अध्याय आपण नेहमी वेगवेगळ्या रविवारी वाचतो, त्यामुळे लागोपाठचे आहेत हे ध्यानात येत नाही.

चाचा हबशाच्या राजाची गोष्ट सांगायचे ती आईला आठवत असेल. मक्केत छळ होऊ लागला तेव्हा पैगंबरांचे पहिले अनुयायी समुद्र ओलांडून हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे गेले. तिथला राजा नजाशी ख्रिस्ती. मक्केवाले नजराणे घेऊन मागोमाग आले, आमची माणसं परत द्या म्हणाले. राजाने आलेल्यांचं ऐकून घेतलं, त्यांनी मरियमेच्या अध्यायातला भाग म्हणून दाखवला, आणि राजाने नजराणे परत केले, माणसं परत केली नाहीत. चाचा म्हणायचे, हमको पहला घर तुम्हारे लोगों ने दिया. चौदाशे वर्षं ते हे जपून आहेत. त्या बाईच्या घरीही कुणी आजी ही गोष्ट सांगत असेल, असा विचार मनात आला की मला तुमच्या गेटपाशी उभं राहवत नाही.

बाबा, तुम्ही १९७० च्या नोव्हेंबरची गोष्ट किती अभिमानाने सांगता. आपल्या नागपूरच्या ऑल सेंट्स कथीड्रलमध्ये सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि त्याआधी एकमेकांच्या प्रभुभोजनाला न जाणारी माणसं एका रांगेत आली. लहान होतात, पण मांडवातली गर्दी तुम्हाला अजून दिसते. तेव्हाही कुणीतरी 'त्या लोकांचं काही सांगता येत नाही' म्हणालंच असेल.

तुमचं घर आहे, भाडेकरू कोण ठेवायचा ते तुम्हीच ठरवणार. करारनामा करा, पोलीस व्हेरिफिकेशन करा, डिपॉझिट घ्या. जे सगळ्यांना विचारता ते त्यांनाही विचारा. फक्त नाव ऐकून नाही म्हणू नका, आणि ग्रुपवर तो व्हिडिओ खोटा होता एवढं एका ओळीत लिहा. तुमचं ऐकणारी माणसं आहेत तिथे, म्हणून सांगते.

तिचा नंबर फ्रिजवरच्या मंडळीच्या कॅलेंडरवर आहे, मे महिन्याच्या पानामागे, पेन्सिलने. आईने महिना संपल्यावर पान फाडलं नसेल तर सापडेल. मी फोन केला असता, पण खोल्या गेल्या हे मी म्हटलं नव्हतं. वरच्या खोलीतल्या कूलरच्या ताट्या जुन्या झाल्यात, त्या मात्र कुणीही राहायला आलं तरी बदलून घ्या. पैसे मी पाठवते.

तुमची लाडकी,
बेबी